उजव्या हाताला उगवणारं घड्याळ

"योगे, किती वाजले?"

सकाळपासून ही सातवी वेळ. योगितानं मशीनच्या घरघरीतूनच ओरडून सांगितलं, "साडेदहा, आबा!" मागच्या खोलीतून "बरं" आलं. हे 'बरं' निव्वळ पोकळ असायचं. साडेदहा म्हणजे काय हे तिच्या वडिलांना, आप्पारावांना, जन्मात कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. सांगणारीला हे माहीत, विचारणाऱ्याला तर माहीतच. तरी दिवसभर हा खेळ चालायचा, कारण दोघंही एकाच हाडाची. हार कुणी मानायची?

गेवराईत हायवेपासून आत दुसऱ्या गल्लीत योगिताचं रेडियमचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. ट्रॅक्टरवर मालकाचं नाव, पिकअपच्या कपाळावर 'आईची पुण्याई', मोटारसायकलीच्या नंबरप्लेटी, लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरीची नावं, सगळं एकाच कटिंग मशीनवर कापून निघतं. योगिता कॉम्प्युटरवर चित्र नाहीतर अक्षर काढते, मशीनचं पातं ते कापतं, आणि नवरा हरिओम ते गाड्यांवर चिकटवत फिरतो. गल्ली म्हणते हरिओमचं दुकान. हरिओम स्वतः म्हणतो योगिताचं. माणूस खरा आहे, तेवढं कबूल करायला पाहिजे.

मागच्या खोलीत तीन महिन्यांपासून योगिताच्या वडिलांची खाट होती. आप्पाराव चकलांब्याचे. साठ वर्षं मेंढरांमागं चाललेला माणूस, अन् पाय सटकला तो कुठं? डोंगरात नाही, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, दरडीवर नाही, स्वतःच्या दारातल्या पायरीवर. संक्रांतीच्या सुमाराला खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, हातात वॉकर आला. मेंढरं पुतण्याकडं, सत्यमकडं गेली. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, पोटी ही एकच लेक. लेकीनं विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. दवाखान्यातून गाडी वळवली ती सरळ आपल्या घराकडं.

आणि आता मंगळवारी दुपारी आप्पारावांनी भाकरीचं ताट बाजूला सारून सांगितलं, "सत्यमचा फोन आलता. आयतवारी गाडी घेऊन यायलाय. मी जातो गावाकडं."

"कावून?" योगिताचा हात पिठातच राहिला.

"कावून म्हंजी? तीन महिनं झालं. हितं दिस कुठून उगवतो ते बी कळंना. समोर त्या लॉजची तीन मजली भिताड. उजेड हाय म्हणावं तर टूबलाइटचा. सकाळ झाली का संध्याकाळ, समदं सारखंच."

"आन् तितं कोण हाय तुमाला? सत्यम तर मेंढरं घेऊन माजलगावच्या अंगाला. सरस्वतीकाकू शेजारून भाकर पाठवील, पर उठवायचं कुणी, बसवायचं कुणी?"

"माजं मी बघतो."

"बगितलं की संक्रांतीला!"

बोलून गेली आणि तिलाच वाईट वाटलं. पण खोटं काय होतं? डॉक्टर तोंडावर म्हणाले होते, आता दुसऱ्यांदा पडले तर पुन्हा उभे राहणार नाहीत. आणि तिथं तीच पायरी, तेच अंगण, आणि दिवसभर चिटपाखरू नाही.

आप्पारावांनी ताट आणखी थोडं लांब सारलं. मग ताटाकडं बघत म्हणाले, "योगे, मेंढरं बसली तर भाकर. मी तुज्या घरी काय बसवलंय?"

हे वाक्य बाहेरच्याला कळायचं नाही. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढरवाल्याला बोलावतो, आमच्या रानात चार रात्री मेंढरं बसव. रात्रभर मेंढरं तिथं बसतात, त्यांच्या लेंडीनं-मुतानं रानाला खत मिळतं, आणि शेतकरी मेंढरवाल्याच्या घरादाराला भाकर-धान्य देतो. ती भाकर मागून आणलेली नसते. रानाला काही देऊन खाल्लेली असते. आप्पाराव साठ वर्षं तसेच जेवले. दुसऱ्याच्या बांधावर बसून जेवले, पण कुणाचे मिंधे होऊन नाही. आणि आता लेकीच्या घरी, जिथं बापानं पाणीसुद्धा बेतानं प्यावं अशी जुनी रीत, तिथं तीन महिने नुसतं खायचं. म्हणून रोज भाकर अर्धी. योगिताला वाटत होतं भूक मेली असेल.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काय रानवाली हाय का? लेक हाय ना मी?" एवढं म्हणाली आणि तरातरा दुकानात आली. मशीनवर विनाकारण एक नंबरप्लेट कापली. कुणाची होती कोण जाणे.

संध्याकाळी मोबाइल चाळता चाळता तिला ते चित्र पुन्हा दिसलं. कागदाचं घड्याळ. रंगीत जाड कागदाचे थरावर थर, प्रत्येक थर मशीननं वेगळा कापलेला, वरच्या थरातून खालचा दिसतोय, थरांच्या सावल्या एकमेकांवर पडल्यात आणि मधोमध काटे. हे आपण एकदा करायचं, असं ती दिवाळीपासून म्हणत होती. लग्नाच्या डेकोरेशनची रंगीत कार्डशीट उरलेलीही होती.

"आबाला घड्याळ करून देते," ती हरिओमला म्हणाली. "सारखं किती वाजले किती वाजले विचारतात. दिस दिसत न्हाई म्हणून चाललेत ना? दिसच आणून देते भिंतीवर."

"मामांना आकडे कुठं येतात?" हरिओम म्हणाला. म्हटलं ना, माणूस खरा आहे. कधी कधी नको तेवढा.

"आकडे घालतंय कोण? अक्षर बी न्हाई घालत एक. नुसती चित्रं."

बुधवारी सकाळी ती वही-पेन घेऊन खाटेशी बसली. आप्पारावांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. तिनं साधं विचारल्यासारखं विचारलं, "आबा, सकाळचे सात म्हंजी तुमच्यात काय?"

"सात बीत काय नसतंय. कासराभर दिस."

"कासरा म्हंजी बैलाचा दोर ना? किती लांब धरायचा?"

"कासऱ्याएवडा."

"आवो, मला कागदावर काढायचाय!"

आता मात्र आप्पाराव वळले. असल्या अडाणीपणापुढं माणूस किती वेळ रुसून राहणार? वॉकर धरून उठून बसले, हात लांब केला आणि भिंतीच्या कडेपासून वर बोटानं दाखवलं. "ही जिमीन. हितून दिस निघाला. आन् हितवर आला, म्हंजी कासरा. तवा धारा काडून झालेल्या असतात. शाळा शिकलीस का गाढवं राखलीस गं?"

"शाळा शिकले म्हणूनच इचारायले. पुढं?"

पुढं मग थांबायचं नाव नाही. तांबडं फुटणं वेगळं आणि दिस उगवणं वेगळं. कासराभर दिस झाला की न्याहारी, मग मेंढरं रानाला सुटतात. दिस माथ्यावर आला की मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून लिंबाच्या सावलीत उभी. सावली कलली की पुन्हा चरायला. ऊन पिवळं पडायच्या आधी पाण्यावर, गंगेला. मग धुरळा उडवत माघारी. आप्पाराव तीन महिन्यांत मिळून बोलले नसतील तेवढं त्या एका सकाळी बोलले, आणि योगिताची चार पानं भरली. मध्येच डोळे पुसायला ती पाणी आणायच्या निमित्तानं उठली.

अडचण एकच होती. घड्याळात सहा एकदाच असतात, खाली. दिवसात सहा दोनदा. सकाळचं काय काढायचं आणि संध्याकाळचं काय?

"लई शानी हायेस," आप्पाराव म्हणाले. "सकाळी मेंढरं जितून उठतात, संध्याकाळी तितंच यून बसतात. एकच जागा की."

झालं! खाली बसलेली मेंढरं, वर माथ्यावरचा दिस आणि लिंब, मधे डावीकडं सकाळचा दिवस, उजवीकडं दुपारनंतरचा. रात्रीची चित्रं कशाला? रात्री माणसानं झोपावं, असं आप्पारावांचं मत पडलं. आणि काटा एकच, तासाचा. मिनिटं मेंढरांना लागत नाहीत.

ती चित्रं काढायला कॉम्प्युटरवर बसली तेवढ्यात एक जीपवाला आला. त्याला मागच्या काचेवर पोरीचं नाव पाहिजे होतं, पण आतून. बाहेरून चिकटवलं की धुताना निघतं म्हणे. काचेच्या आतून लावायचं नाव उलटं कापावं लागतं, आरशात दिसतं तसं, म्हणजे बाहेरच्याला सुलटं वाचता येतं. मशीनला 'मिरर'ची खूण दिली की ते आपोआप होतं. योगितानं खूण दिली, नाव कापलं, जीपवाल्याला वाटेला लावलं आणि घाईनं आपल्या मेंढरांकडं वळली. एवढं ध्यानात ठेवा.

दोन दिवस मग दुकानात दुसरं काही सुचलं नाही. सगळ्यात खालचा थर काळपट निळा, त्यावर जांभळा, मातकट, पिवळा, लिंबाचा हिरवा आणि सगळ्यात वर पांढरा, असे सहा. कार्डशीट मशीनमध्ये सरकतं, म्हणून प्रत्येक कागद चिकट पाटीवर बसवून आत सोडायचा. पातं कागद कापेल पण पाटी कापणार नाही इतकंच खोल ठेवायचं. मग चिमट्यानं नको ते तुकडे उचलायचे. एका मेंढराचे कान उचलताना तुटले, तो थर पुन्हा. आप्पाराव वॉकर टेकत टेकत दुकानात येऊन खुर्चीवर बसले. पातं आपलं आपण मागंपुढं पळतंय आणि लेक लांबून बघतेय, हे बघून म्हणाले, "ह्याला म्हणत्यात उंटावरून शेळ्या हाकणं."

"मेंढरं हायेत आबा, शेळ्या न्हाईत."

"ती बी कळत न्हाईत कुटं. मेंढराचं शेपूट एवडं आखूड आस्तंय व्हय?"

शेपूट वाढवलं.

खालच्या चित्रात बसलेल्या मेंढरांमागं काय काढावं हे तिला सुचेना. मेंढरवाल्यांचं कापडाचं पाल काढलं, आवडलं नाही. झाड तर वर होतंच. शेवटी नजरेसमोर होतं ते आपलंच घर काढलं. दोन पायऱ्या, लोखंडी गेट, गेटला हरिओमनं गंमत म्हणून कापून लावलेली सूर्याची नक्षी, आणि उघडं दार. त्या दाराशी मेंढरांचा कळप टेकलेला. आपण हे का काढलं याचा तिनं फार विचार केला नाही. हात आपोआप गेला.

थरांमध्ये फोमच्या टेपचे तुकडे लावून एकावर एक सगळे चिकटवले, मागं सनबोर्डची जाड पाटी, मधोमध भोक पाडून घड्याळाचं मशीन बसवलं. शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला हरिओमनं खाटेसमोर खिळा ठोकला आणि घड्याळ टांगलं. खिडकीतला तो मरतुकडा उजेडसुद्धा थराथरांत शिरला, मेंढरांच्या सावल्या पडल्या, आणि हरिओमच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

योगितानं काट्याकडं बघितलं आणि ती दोन पावलं पुढं सरकली.

नऊ वाजले होते. काटा डावीकडं. तिथं मेंढरं रानाला सुटलेली पाहिजे होती. तिथं मेंढरं गंगेवर पाणी पीत होती. दिस उजवीकडून उगवत होता. न्याहारी दुपारच्या जागी, सावली कलायची ती सकाळी. फक्त वरचं लिंब आणि खालचं दार तेवढं जागेवर. धावत जाऊन तिनं कॉम्प्युटर उघडला. 'मिरर'ची खूण तशीच. बुधवारपासून तशीच! सहाच्या सहा थर उलटे कापलेले, म्हणून एकमेकांवर बिनचूक बसलेले. एक अक्षर असतं तर पहिल्याच थराला कळलं असतं. पण अक्षर कुठं होतं? मेंढरू इकडं तोंड करून काय आणि तिकडं तोंड करून काय, मेंढरूच दिसतं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

आणि दिवस शनिवार. कार्डशीट संपलेलं. नवं यायचं तर सोमवार उजाडणार, आणि सत्यमची गाडी उद्याच.

ती मागं आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता. "आबा, चुकलं माजं. समदं उलटं कापलंय. उतरवते." हात वर केला.

"थांब. हात लावू नको."

आप्पाराव वॉकरवर उभे होते. नाक कागदाला लागेल इतके जवळ गेले. थरांच्या कडांवरून बोट फिरवलं, उजवीकडून वर, वरून डावीकडं.

"काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

"दिस उजवीकडून उगवायलाय ना."

"मंग कुटून उगवावा?"

"आवो, घड्याळात..."

"घड्याळाचं नगं सांगू मला. आपलं दार कुणीकडं हाय चकलांब्याला? गंगेकडं. वडील गंगेकडं तोंड करून बसायचे, मी बसतो. गंगेकडं तोंड केलं की दिस उजव्या हाताला उगवतो आन् डाव्या हाताला मावळतो. साठ वर्सं तसाच बगितलाय." त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं. "बराबर काडलंस गं बाई. मला वाटलं इसरली असशील."

योगिताचा वर केलेला हात खाली आला. विसरलीच होती की. दार गंगेकडं आहे हे तिला आत्ता आठवलं, लहानपणी त्या पायरीवर बापाच्या मांडीला टेकून बसल्यासकट. जे आपल्याला आठवलं नाही ते या मशीनला कसं आठवलं असेल, असा एक वेडा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"पण आबा, काटा तर उलटा फिरायलाय मग."

"तर काटा सुदार. दिसाला सांगतीस व्हय, उलटा चाल म्हणून?"

हरिओमनं घड्याळाचं मशीन काढलं आणि चौकातल्या तानाजी घड्याळवाल्याकडं नेलं. तानाजी दुरुस्तीच्या टेबलावर तीस वर्षं बसलेला. त्यानं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "लोकं बिघडलेलं नीट करायला आणतात. तुमी नीट चाललेलं बिघडवायला आणलंय."

"सासऱ्याचा हुकूम हाय."

"मंग इलाज न्हाई." तानाजीनं मागचं झाकण उघडलं, आतली एक लोखंडी पट्टी काढली, पालथी करून परत बसवली आणि सेल घातला. आतली चाकं निमूटपणे उलटी फिरू लागली. तानाजी दोन मिनिटं तोंडाचा आ करून बघत बसला, म्हणाला हे एकदा घरी दाखवायला पाहिजे.

काटा बसवून होईपर्यंत आप्पाराव घड्याळासमोरून हलले नव्हते. आता ते खालचं चित्र बघत होते. बोट दोन पायऱ्यांवर टेकवलं, मग गेटच्या नक्षीवर.

"ही मेंढरं कुणाच्या रानात बसवलीस?"

योगिता भांडी उचलत होती. तिनं वर बघितलं नाही. "माज्या."

"बरं," आप्पाराव म्हणाले.

दुपारी दुकानात एक पिकअपवाला नंबरप्लेटीसाठी आला. मागच्या दारातून त्याची नजर घड्याळावर गेली, आणि नंबरप्लेट राहिली बाजूला. त्याचा बाप पण मेंढरांतलाच. असलं एक मला पाहिजे म्हणाला, पण आमचं दार मावळतीला आहे, तसं जमेल का? योगिता काही म्हणायच्या आत मागून आवाज आला, "जमंल. पर म्हाताऱ्याला हितं घेऊन ये. त्येचा दिस त्येला इचाराया पायजे." पिकअपवाला "बरं आबा" म्हणून गेला. योगिता बापाकडं बघतच राहिली. बाप छताकडं बघत होता.

ऊन पिवळं पडायच्या थोडं आधी मागच्या खोलीतून हाक आली, "योगे!"

"साडेतीन, आबा!" सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"इचारायलं कोण? मी सांगायलोय. मेंढरं पाण्यावर गेली. चहा ठेव."

ती हसली. हसता हसता स्वयंपाकघराच्या दाराला टेकून रडलीही, कारण हे सगळं आज कितीही छान असलं तरी उद्या रविवार होता. आप्पाराव जायचं रद्द म्हणाले नव्हते. तिनंही विचारलं नाही. जबरदस्तीनं ठेवलेला बाप तिला नको होता. तसं ठेवायचं असतं तर गेटला कुलूप पुरलं असतं. रविवारी सकाळी तिनं स्वतःच त्यांचं गाठोडं बांधलं. दोन धोतरं, गोळ्यांची पिशवी, घोंगडी. वरून जुन्या पेपरात गुंडाळायचं म्हणून घड्याळ उतरवायला गेली, तर आप्पाराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे सध्या." सध्या म्हणजे काय, निघेपर्यंत का? तिनं पेपरची घडी घातली.

सत्यम आला तेव्हा ऊन भरात आलं होतं. पिकअप गल्लीत लावून तो आत आला, काकाच्या पाया पडला, पाणी प्याला आणि गाठोडं उचललं. "चला आबा, ऊन लई हाय, लवकर निगू."

आप्पाराव खाटेवरून हलले नाहीत. "वखत कोन्ता झाला बग."

सत्यमनं घड्याळाकडं बघितलं, मग मोबाइलकडं, मग परत घड्याळाकडं. "आबा, हे उलटं चालायलंय."

"उलटा तू. बरं मला सांग, माजलगावला कुणाच्या रानात बसवलीस मेंढरं?"

"एक बागायतदार हाय. चार रात्री ठरलेल्या, आज तिसरी."

"आन् चार रात्री व्हायच्या आत कुणी तुला उठ म्हटलं, तर उठशील?"

"मी कावून उठंन? ठरलंय ना."

"आन् रानवाल्यानं उठ म्हटलंच न्हाई, तर?"

"तर काय, बसायचं." सत्यम गाठोडं हातात घेऊन उभाच. काका कुठं चाललाय हे त्याला कळेना. "म्हंजी? यायचं न्हाई का तुमाला?"

आप्पारावांनी घड्याळाकडं बोट केलं, खाली, दोन पायऱ्यांकडं. "ती बग. आमची मेंढरं हितं बसलीत. बसलेली मेंढरं मधीच उठवत न्हाईत बे, रान अर्धवट ऱ्हातं."

"मग उठायचं कवा?"

"ते मला काय इचारतोस? रानवालीला इचार."

खोलीतल्या सगळ्यांच्या माना योगिताकडं वळल्या. हरिओम दारात रेडियमचा रोल घेऊन थांबला होता, तोही बघायला लागला. योगिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

"रान लई मोटं हाय, आबा," ती म्हणाली. "लई रात्री लागतील."

आप्पारावांनी मान डोलवली. सौदा मान्य झाल्यावर बांधावर डोलवायचे तशीच. मग घड्याळाकडं बघितलं. एकुलता एक काटा वर लिंबाच्या सावलीत पोचला होता.

"मंग भाकर टाक," ते म्हणाले. "दिस माथ्यावर आला. आन् पुरी टाक, अर्दी नगं."